अजरख : ठसाछपाईच्या समीक्षेचे निकष

प्रस्तावना :
हाताने छापलेल्या कापडाचा गौरव करताना, किंचित सरकलेला ठसा हीच हस्तकौशल्याची खूण होय, असे विधान सर्रास केले जाते. विक्रेत्यांच्या पत्रकांतून रूढ झालेला हा निकष समीक्षेतही अनेकदा तपासून न पाहता स्वीकारला जातो. प्रस्तुत लेखात कच्छमधील अजरख छपाईच्या आधारे या निकषाची मर्यादा दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रक्रिया आणि आकृतिबंध :
अजरखमध्ये ठशाने सर्व रंग थेट उमटत नाहीत. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर प्रथम चुना व डिंक यांच्या मिश्रणाने रेषा छापल्या जातात. त्या पुढे पांढऱ्या राहतात. भंगार लोखंड व गूळ आंबवून केलेले द्रावण हिरड्यातील टॅनिनशी संयोग पावून काळे होते. तुरटी छापलेल्या जागी तांबडा रंग येतो, तो मात्र नंतर मंजिष्ठेच्या किंवा ॲलिझरीनच्या उकळत्या पाण्यात. त्याआधी कापड निळीत बुडवावयाचे असल्याने तो भाग माती मिसळलेल्या लेपाने झाकावा लागतो. तात्पर्य, कारागीर अद्याप न दिसणारे चित्र छापत असतो. या कलेचे सौंदर्य केवळ आकृतिबंधात शोधणे म्हणूनच अपुरे ठरते.

अचूकतेचा आदर्श :
खत्री कारागिरांच्या परंपरेत कापडाच्या दोन्ही बाजूंनी छपाई करण्याची पद्धत आहे. मागील बाजूचा ठसा पुढील रेषेवर तंतोतंत बसला, तरच ते काम उत्तम समजले जाते. येथे आदर्श आहे तो अचूकतेचा. आपण मात्र ज्यावर मात करण्यासाठी कारागीर आयुष्य वेचतो, त्या चुकीलाच गुण ठरवितो. शिवाय सरकलेल्या ठशाची नक्कल यंत्रालाही करता येते. स्क्रीन छपाईने बाजार व्यापलेला असताना हा निकष कारागिराचे रक्षण करू शकत नाही.

याउलट प्रक्रियेचा निकष अधिक टिकाऊ आहे. २००१ च्या भूकंपानंतर धमडका येथील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. लोहामुळे तांबडा रंग काळवंडतो. म्हणून अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसविले. ठसे तेच होते, हातही तेच होते. तरीही गाव बदलावे लागले. पाणी हा या कलाकृतीचा घटक आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

निष्कर्ष :
कच्छ अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण लाभले, तरी मूल्यमापनाची जबाबदारी समीक्षेवरच राहते. हाताच्या चुकांचे कौतुक हे सहानुभूतीच्या रूपातील अवमूल्यन आहे. ठसाछपाईला कला मानावयाचे असेल, तर तिच्या कारागिरांनी मानलेले निकष प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.