गाणे राहिले, नाव गेले : कृष्णवर्णीय भक्तिगीतकारांच्या निमित्ताने

जॉन न्यूटन हे नाव ख्रिस्ती जगाला पाठ आहे. अठराव्या शतकातील हा इंग्रज गृहस्थ गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. पुढे तो धर्मोपदेशक झाला आणि त्याचे 'अमेझिंग ग्रेस' हे गीत १७७९ साली छापले गेले. त्याच्या पापाची आणि पश्चात्तापाची कथा आजही चर्चमधून सांगितली जाते. पण त्याच्या जहाजाच्या तळघरात साखळदंडांनी बांधलेली माणसे कोण होती? त्यांच्या मुलानातवंडांनीही गीते रचली. ती जगभर गायली गेली. त्यांच्या रचनाकारांच्या जागी मात्र पुस्तकात एकच शब्द छापला जातो : 'पारंपरिक'.

या शब्दाचा मला संशय येतो. गाणे आपोआप जन्मत नाही. कोणाच्या तरी ओठांवर ते प्रथम येते, दुसरा कोणी त्यात भर घालतो, तिसरा त्याची चाल बदलतो. मालकाचे नाव वहीत राहते आणि गुलामाचे राहत नाही, ही काही लोकप्रतिभेची जादू नव्हे. ती सत्तेची व्यवस्था आहे. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने गुलामांचे बंड केले. त्यानंतर दक्षिणेकडील अनेक राज्यांनी गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्यावरील आणि त्यांच्या स्वतंत्र उपासनेवरील बंधने अधिक कडक केली. ज्याला अक्षर नाकारले, त्याची सही कोठून सापडणार? शंबुकाची गोष्ट सांगणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

वॉलेस विलिस हे या निनावी रांगेतले एक नाव. आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या प्रदेशात चॉक्टॉ या आदिवासी राष्ट्राची भूमी होती. तेथील एका चॉक्टॉ मालकाचे विलिस हे गुलाम. स्वतःच्या भूमीवरून हुसकावलेल्या जमातीनेही गुलाम बाळगावेत, ही उतरंड आपल्या ओळखीची आहे. विलिस आणि त्यांची पत्नी मिनर्व्हा यांना स्पेन्सर अकॅडमी या मुलांच्या शाळेत कामासाठी भाड्याने दिले जाई. तेथे ती दोघे गात. शाळेचे प्रमुख अलेक्झांडर रीड यांनी ती गाणी ऐकली, लक्षात ठेवली आणि पुढे फिस्क विद्यापीठाच्या गायकांना दिली. 'स्विंग लो, स्वीट चॅरियट' आणि 'स्टील अवे' ही दोन जगप्रसिद्ध गीते विलिस यांच्या नावावर सांगितली जातात ती यामुळे. या श्रेयाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, विलिस यांचे नाव टिकले ते एका गोऱ्या मिशनऱ्याच्या स्मरणशक्तीमुळे. ज्यांचे गाणे ऐकायला असा रीड भेटला नाही, त्यांचे काय झाले असेल?

एला शेपर्ड यांची कहाणी याहून बोलकी आहे. १८५१ साली त्या गुलामगिरीत जन्मल्या. वडिलांनी पैसे मोजून आपल्या लेकीला सोडवले. पुढे सिनसिनाटी शहरात एका गोऱ्या शिक्षिकेने त्यांना संगीत शिकवायचे कबूल केले, पण अटी घातल्या. कोण शिकवते हे कोणाला सांगायचे नाही. रात्री यायचे, मागच्या दाराने यायचे. त्या मागच्या दाराने शिकलेल्या विद्येवर ही मुलगी फिस्क विद्यापीठात आली. मुक्त झालेल्या गुलामांसाठी १८६६ साली नॅशव्हिल येथे निघालेली ही शाळा पैशांअभावी बंद पडायच्या बेतात होती. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थ्यांचे गायकपथक घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी दौरा सुरू केला. त्यांतील बहुतेकांचा जन्म गुलामगिरीतला. पथकाला नाव मिळाले 'जुबिली सिंगर्स'. जुबिली म्हणजे बायबलमधील पन्नासावे वर्ष, दासांना मुक्त करण्याचे वर्ष. पुढच्या सात वर्षांत या पथकाच्या गाण्यावर सुमारे दीड लाख डॉलर जमले आणि १८७६ साली 'जुबिली हॉल' ही इमारत उभी राहिली. विटांचे मोल गाण्याने चुकते केले!

या पथकात पियानो वाजवणे, तालीम घेणे, आईबापांच्या तोंडची गाणी गोळा करून मंचासाठी बसवणे हे काम प्रामुख्याने शेपर्ड यांचे. पण १८७२ साली 'जुबिली साँग्ज' हे पुस्तक निघाले, ते थिओडोर सीवर्ड या गोऱ्या संगीतज्ञाने स्वरलिपीत उतरवलेले म्हणून ओळखले गेले. गाणे बसवणारी मुलगी बाजूला राहिली आणि लिहून घेणारा पुढे आला.

शेपर्ड यांनीच नोंदवून ठेवले आहे की, सुरुवातीला या मुलामुलींना ही गाणी लोकांसमोर गायची नव्हती. ती गुलामगिरीची आठवण देत. ती त्यांच्या आईवडिलांची पवित्र ठेव होती आणि विसरून जावा अशा भूतकाळाची खूणही होती. हे वाचताना मला आपली शिकलेली पिढी आठवते. जात्यावरची आईची ओवी, पोतराजाचे गाणे, हलगीचा ताल यांची लाज बाळगणारा पदवीधर आपल्या वस्तीत कोणी पाहिला नाही? लाज गाण्याची नसते. ज्या अवस्थेत ते गावे लागले, त्या अवस्थेची असते. अवस्था नाकारावी आणि गाणे मात्र आपल्या अटींवर पुन्हा हाती घ्यावे, हे शहाणपण त्या नऊ जणांना ऐन विशीच्या आसपास सुचले. १८७३ साली ते इंग्लंडमध्ये गात होते. त्याच साली पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. वस्तीतले गाणे मंचावर गेले की त्याचे काय होते? हॅरी बर्ले (१८६६-१९४९) यांच्या निमित्ताने तो विचारला पाहिजे. त्यांचे आजोबा गुलामगिरीतून सुटलेले, पुढे दृष्टी गेलेले. गुलामांची गाणी बर्ले यांनी शिकली ती त्यांच्याकडून. न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयात शिकताना त्यांनी ती द्वोर्झाक या थोर संगीतकाराला गाऊन दाखवली. १८९४ साली सेंट जॉर्ज या श्रीमंत गोऱ्यांच्या चर्चमध्ये ते एकल गायक झाले. मंडळीतील काहींनी विरोध केला, पण बर्ले तेथे बावन्न वर्षे गायले. 'डीप रिव्हर'सारखी गीते एक आवाज आणि पियानो यांसाठी त्यांनी बांधली, ती १९१६-१७च्या सुमारास. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात, शिकत होते.

बर्ले यांनी गाण्याला सभागृह मिळवून दिले. पण झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेने १९३४ साली एका निबंधात यावर स्पष्ट हरकत घेतली. सभागृहातली ही सफाईदार गाणी म्हणजे मूळ भक्तिगीते नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. मूळ गाण्यात आवाज खरखरीत असतात, श्वास ऐकू येतो, प्रत्येक वेळी गाणे नव्याने घडते. माझ्या मते हर्स्टन यांची हरकत खरी आहे. परंतु तिच्यामुळे बर्ले यांचे काम खोटे ठरत नाही. गोऱ्या चर्चने दार उघडावे म्हणून गाण्याने धुतलेले कपडे घातले. कपडे धुतल्याने अंग बदलले का, हे समीक्षेने पाहावे. जो प्रस्थापितांच्या मंचावर गेला तो विकला गेला, असा शिक्का मारून मोकळे होणे ही समीक्षा नव्हे.

चार्ल्स आल्बर्ट टिंडले (१८५१-१९३३) यांनी मात्र मंच वस्तीतच उभा केला. मेरीलँडमध्ये जन्म, वडील गुलाम, आई स्वतंत्र. लहानपणीच दुसऱ्यांच्या घरी कामाला जुंपले गेले आणि स्वतःच्या धडपडीने वाचायला शिकले. फिलाडेल्फियात विटा-चुना वाहण्याचे काम केले. एका चर्चमध्ये झाडलोट केली. पत्राद्वारे शिक्षण घेऊन परीक्षा दिल्या आणि १९०२ साली त्याच चर्चचे ते पाळक झाले. ज्या जमिनीवरून झाडू फिरवला, त्याच जमिनीवर उभे राहून ते बोलू लागले. 'स्टँड बाय मी', 'लीव्ह इट देअर' अशी त्यांची गीते दक्षिणेतून कामासाठी आलेल्या कष्टकऱ्यांच्या तोंडी बसली. भाडे, आजारपण, बेकारी हे त्यांच्या भक्तिगीताचे विषय आहेत, आणि मला त्यांचे मोठेपण यातच दिसते.

त्यांच्या 'आय विल ओव्हरकम समडे' या गीताची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात जिंकणारा एकटा 'मी' आहे, आणि जिंकण्याचा दिवस दूर कोठेतरी आहे. पण १९४५-४६ मध्ये साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे तंबाखू कारखान्यातील संपकरी स्त्रियांनी असेच एक चर्चमधील गाणे धरणे धरताना म्हटले, आणि 'मी'च्या जागी 'आम्ही' आला. एका सर्वनामाने प्रार्थनेचा मोर्चा केला. तेथून हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेमार्गे ते 'वुई शॅल ओव्हरकम' म्हणून नागरी हक्कांच्या लढ्यात गेले. आपल्याकडे ते 'हम होंगे कामयाब' होऊन शाळाशाळांत पोहोचले. टिंडले यांच्या गीताशी त्याचे नाते किती जवळचे, यावर वाद आहे. चाल तर वेगळीच आहे. पण १९६० च्या दशकात या गाण्याचा स्वामित्वहक्क नोंदवला गेला तो चार गोऱ्या कार्यकर्त्यांच्या नावे. त्यांनी मिळकत स्वतःसाठी ठेवली नाही, दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कामाला दिली, हे सांगितलेच पाहिजे. तरीही कागदावर त्या संपकरी बायांची नावे नव्हती. २०१८ साली न्यायालयातील दाव्यात तडजोड होऊन हे गाणे सर्वांना खुले झाले.

बायांचा विषय निघाला म्हणून ल्यूसी कॅम्पबेल (१८८५-१९६३) यांचे नाव घेतो. मिसिसिपीत जन्म. घरात एकाच मुलीला पियानोची शिकवणी परवडणारी, ती मोठ्या बहिणीला मिळाली. ल्यूसी ऐकून ऐकून शिकल्या. मेम्फिसच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि कृष्णवर्णीय शिक्षकांना समान वेतन मिळावे म्हणून भांडल्या. बाप्टिस्ट परिषदेच्या संगीताची सूत्रे १९१६ पासून त्यांच्या हाती होती. १९१९ सालचे त्यांचे 'समथिंग विदिन' पुढे अनेकांनी गायले. त्यांचे आयुष्य वर्गात आणि चर्चमध्ये सारखेच गेले. मास्तरकी आणि गाणे हे चळवळीचे दोन हात असतात, हे आपल्या वाचकांतील शिक्षकांना पटेल.

कोणी कार्यकर्ता विचारील : आपण देव नाकारला, परलोक नाकारला, मग ही देवाची गाणी आपण का वाचावीत? प्रश्न रास्त आहे. ही गाणी सोसायला शिकवतात, स्वर्गाचे आमिष दाखवतात, हा आक्षेप काही गीतांना पुरेपूर लागू पडतो, आणि तो मागे घेण्याचे कारण मला दिसत नाही. पण गाण्याचा अर्थ केवळ शब्दांत नसतो. ते कोण, कोठे, कोणासमोर गातो, यात तो घडतो. रानात चोरून जमलेल्या गुलामांनी म्हटलेला 'स्वर्ग' आणि मालकाच्या चर्चमधला 'स्वर्ग' एक नाहीत. शोषितांचे वाङ्मय वाचताना श्रद्धेशी असहमत राहूनही त्या श्रद्धेने कोणाच्या पायात बळ आणले, हे पाहता आले पाहिजे.

आणि हा प्रश्न शेवटी आपल्या दारात येतो. दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नाव अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीवरून घेतले. त्यांच्या साहित्याशी आपण नाते सांगितले. मग त्यांनी उशिरा का होईना जे काम केले, ते आपण केले काय? आंबेडकरी जलशातील भीमराव कर्डक आपल्याला माहीत आहेत. वामनदादा कर्डक घराघरात आहेत. पण त्यांच्यामागे उभे असलेले ढोलकीवाले, पेटीवाले, कोरसमधल्या बाया? चाल बांधणारा कोण, पद लिहून देणारा कोण? मराठी ख्रिस्ती भजन म्हटले की ना. वा. टिळकांचे नाव येते, ते योग्यच. पण धर्मांतरित महार-मांग वस्त्यांतून ज्यांनी ती भजने गावठी चालींत घोळवली, त्यांची नावे कोण सांगणार? शाहिरांची वह्या-पुस्तके ट्रंकेत कुजत आहेत. कॅसेटी बुरशीने गेल्या. आज मोबाइलवर भीमगीत ऐकताना गायकाचे नाव दिसते, कवीचे अनेकदा दिसत नाही.

रीडसारखा कोणी बाहेरचा येऊन आपली गाणी लक्षात ठेवील, या आशेवर आपण राहू नये. महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एका गायकाचे, एका वादकाचे आणि गाणी पाठ असलेल्या एका आजीचे नाव, गाव आणि पद लिहून काढावे. पदाखाली 'पारंपरिक' लिहिण्यापूर्वी निदान चार घरी विचारावे.