आश्वासनाचीही समीक्षा हवी

कवितेची आपण कठोर समीक्षा करतो. शब्द अनुभवातून आला आहे की उसना आहे, हे तपासतो. पुढाऱ्याच्या आश्वासनाला मात्र ही कसोटी लावत नाही. टाळ्या देऊन मोकळे होतो. वास्तविक जाहीरनाम्यात किंवा जयंतीच्या व्यासपीठावर दिलेला शब्द हीही एक संहिताच आहे, आणि ती तपासण्याचे मापदंड बाहेरून आणण्याची आपल्याला गरज नाही.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी घटना समितीसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिले. शेतजमीन, मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे करावेत, ही त्यातील मागणी सर्वपरिचित आहे. मला महत्त्वाची वाटते ती तिची मांडणी. मालकांना रोख्यांच्या रूपाने भरपाई द्यावी आणि घटना सुरू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत ही योजना अमलात यावीच, असे तेथे नमूद आहे. अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी दरवर्षी पाच कोटी रुपये बाजूला काढण्यास सांगितले आहे. अल्पसंख्याकांना मिळणाऱ्या वागणुकीचा वार्षिक अहवाल तयार करणारा अधिकारी नेमावा आणि तो अहवाल विधिमंडळांपुढे ठेवावा, अशीही तरतूद आहे. म्हणजे काय करायचे, पैसा कसा उभा करायचा, केव्हापर्यंत करायचे आणि हिशेब कोणापुढे द्यायचा, या चारही प्रश्नांना तेथे उत्तर आहे.

आज ‘व्यवहार्य बोला’ असे आपल्याला सांगितले जाते, तेव्हा त्याचा अर्थ ‘थोडे मागा’ असा असतो. हे निवेदन तो अर्थ खोडून काढते. जमिनीची मालकी बदलण्याएवढी मोठी मागणीही व्यवहार्य रीतीने मांडता येते. व्यवहार्यता मागणीच्या आकारात नसून जबाबदारी बांधून घेण्यात आहे.

ती योजना घटनेत आली नाही. मुदत घातलेले एक आश्वासन मात्र आले. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मूळ ४५ वे कलम सांगत होते. ही मुदत १९६० साली संपली. पण कलम मार्गदर्शक तत्त्वांमधले. ३७ व्या कलमाने न्यायालयाचा दरवाजा त्याला बंद केलेला. तारीख होती, जाब विचारण्याची जागा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. माझी आई १९६० नंतर जन्मली. ती आजही अंगठा उठवते. मी घरातला पहिला पदवीधर, याचे लोक कौतुक करतात. मला त्यात त्या हुकलेल्या मुदतीचा हिशेब दिसतो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. नाव बदलले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामविस्तार म्हणून. मधल्या साडेपंधरा वर्षांची किंमत ठराव करणाऱ्यांनी मोजली नाही. ती जळालेल्या वस्त्यांनी मोजली.

हे सारे प्रस्थापितांचे झाले. आपल्या पुढाऱ्यांचे काय? १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या गटांनी ऐक्याचा शब्द अनेकदा दिला आणि मोडला. त्याचा हिशेब कोणत्या मेळाव्यात मांडला गेला? आपला माणूस म्हणून त्याला प्रश्न विचारायचा नाही, ही सवय बाबासाहेबांच्या विचारात बसत नाही. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी सूचना साधी आहे. येत्या जयंतीला पाहुण्याच्या भाषणाआधी त्याने मागील वर्षी दिलेली आश्वासने वाचून दाखवावीत, आणि प्रत्येकापुढे ते चार प्रश्न ठेवावेत. जो उत्तर देईल त्याचे भाषण ऐकावे. जो रागावेल त्याची समीक्षा तेथेच पूर्ण झाली असे समजावे.