आणीबाणीचं पान

ऑपरेशन थिएटरमध्ये अचानक काही बिनसलं तर हातात घ्यायचं पान कसं लिहावं, हे शिकायचं असेल तर डॉ. अतुल गावंडे यांच्या बोस्टनमधल्या चमूने रचलेल्या क्रायसिस चेकलिस्ट वाचाव्यात. बारा संकटं, प्रत्येकाला एक पान. त्यातली वैद्यकीय माहिती पाठ्यपुस्तकांतही सापडते. माणसांची पारख मात्र या पानांचीच.

हृदय बंद पडल्याचं पान घ्या. मदतीला हाक मारा, क्रॅश कार्ट मागवा, ही सुरुवात अपेक्षितच. लगेच पुढे एक प्रश्न येतो आणि तो मोठ्याने विचारायचा असतो: आता सूत्रं कोणाकडे? थिएटरमध्ये सर्जन ज्येष्ठ, भूलतज्ज्ञही ज्येष्ठ. अशा वेळी एक तर दोघेही हुकूम सोडतात, नाही तर एकमेकांचा मान राखत दोघेही थांबतात. हाच प्रश्न नव्या सिस्टरने आपल्या मनाने विचारला तर तो आगाऊपणा ठरेल. पानावर छापलेला वाचून दाखवला, तर कुणालाच लागत नाही. शिवाय लिहिणाऱ्यांनी उत्तर छापलेलं नाही, ते त्या खोलीवर सोडलं. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

त्याच पानावर सूत्रधाराने सगळ्यांना सांगायचं असतं, की उत्तम सीपीआर हीच आत्ताची पहिली गरज. हे कुणाला ठाऊक नसतं? पण एक जण औषध भरतोय, दुसरा मॉनिटरकडे बघतोय, आणि तेवढ्यात छाती दाबणारे हात थकून ढिले पडतात. माहीत असलेली गोष्ट नेमकी निसटायच्या क्षणी उच्चारायला लावणं, ही खरी नजर.

माझं सर्वांत आवडतं पान मॅलिग्नंट हायपरथर्मियाचं. भुलेच्या काही औषधांनी क्वचित एखाद्या रुग्णाचे स्नायू ताठरतात, ताप भराभर चढतो. उतारा डँट्रोलीन: किलोमागे अडीच मिलिग्रॅम. आता हिशेब करा. सत्तर किलोच्या माणसाला 175 मिलिग्रॅम. जुन्या प्रकारच्या कुपीत 20 मिलिग्रॅम पावडर, म्हणजे नऊ कुप्या. प्रत्येकीत 60 मिली निर्जंतुक पाणी घालून ती चिवट पावडर विरघळेपर्यंत हलवत बसायचं. अर्धा लिटरहून जास्त औषध, तेही पहिल्याच डोसला! म्हणूनच पान सांगतं, की एक माणूस फक्त याच कामाला नेमा. ज्याने या कुप्या हातांनी हलवल्या आहेत त्यालाच सुचावी अशी ही ओळ आहे.

‘आम्हाला येतं, कागद कशाला?’ ही अनुभवी मंडळींची कुरकुर जुनीच. तिचा कस 2013 साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आलेल्या प्रयोगात लागला. 17 चमू, हुबेहूब उभारलेलं थिएटर, संकटाचे 106 प्रसंग. चेकलिस्ट नसताना जीव वाचवणाऱ्या पायऱ्यांपैकी 23 टक्के राहून गेल्या. असताना 6 टक्के. पण मी दाद देतो ती त्यानंतर विचारलेल्या प्रश्नाला. ‘तुम्हाला हिची गरज आहे का?’ असं विचारलं असतं तर मानापमान आडवा आला असता. त्यांनी विचारलं, टेबलावर तुम्ही असाल आणि असं काही घडलं, तर ही चेकलिस्ट वापरलेली हवी का? 97 टक्के हो म्हणाले.

हे सगळं सरावातलं, हे मान्य. खऱ्या थिएटरमध्ये पान भिंतीवर नुसतं लटकत राहतं, आणि त्यावर छपाई सुधारून भागत नाही. तिथे वाचणारा वेगळा नेमावा लागतो: सूत्रधाराचे डोळे रुग्णावर, पान दुसऱ्याच्या हातात. मग थिएटरमधला सर्वांत कनिष्ठ माणूस ओळी वाचतो आणि सर्वांत ज्येष्ठ माणूस ‘झालं, पुढचं’ म्हणतो. हा संवाद आधी सरावात चार वेळा झालेला असेल, तर पाचव्या वेळी कुणाला कमीपणा वाटत नाही.