निरोप कोण देतो? : परदेशी शिक्षणाच्या मराठी लेखनातील एक अनुपस्थित प्रसंग

मराठीत 'निरोप' हा शब्द दोन कामे करतो. दूर असलेल्या माणसाकडे दुसऱ्याच्या तोंडी पाठवायचा मजकूर म्हणजे निरोप, आणि निघण्यासाठी मिळणारी अनुमती म्हणजेही निरोप. या दुसऱ्या अर्थाची क्रियापदे लक्षात घेण्याजोगी आहेत. जाणारा निरोप 'घेतो', राहणारा तो 'देतो'. निघण्याचा अधिकार निघणाऱ्याच्या हाती नाही, तो मागे राहणाऱ्याने द्यावयाचा आहे, अशी ही व्यवस्था आहे. निघतानाचे वाक्यही तिला धरूनच. 'गेला' हे मृत्यूचे क्रियापद असल्यामुळे 'जातो' म्हणणे अशुभ. म्हणून उंबरठा ओलांडणारा पुरुष 'येतो' म्हणतो, स्त्री 'येते' म्हणते आणि घरातील वडील माणूस 'जाऊन ये' असे उत्तर देते. ही केवळ शकुनाची बाब असती तर लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने तिची नोंद करून भागले असते. परंतु 'येतो' हे विधानही आहे, आणि विधान म्हटले की त्याच्या खरेखोटेपणाचा प्रश्न उपस्थित होतो. जेथे परत यावयाचे आहे तेथून निघतानाच ते खरे ठरण्याची शक्यता असते. जेथून बहुधा कायमचे निघावयाचे आहे, तेथे निघणाऱ्याने काय म्हणावे?

परदेशातील शिक्षण संपवून परतणारा विद्यार्थी नेमका या पेचात सापडतो. अशा शिक्षणाविषयीच्या मराठी लेखनाची परंपरा आता सुमारे एकशे चाळीस वर्षांची झाली आहे. त्यात गोदीवरचा निरोप आहे, बोट लागणे आहे, पहिला हिवाळा आणि बेचव अन्न आहे. पुढे विमानतळही आला. मुक्कामाच्या अखेरीस खोली रिकामी करणे, घरमालकिणीचा आणि सहाध्यायांचा निरोप घेणे, हा प्रसंग मात्र क्वचितच आढळतो, आणि आढळला तरी दोनचार ओळींत उरकलेला असतो. लेखकांच्या संवेदनशीलतेत काही उणे होते, असे याचे स्पष्टीकरण देणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. मराठी लेखनाला या प्रसंगाचा साचाच उपलब्ध नव्हता, हे कारण अधिक सयुक्तिक वाटते.

निरोपाचा जो साचा मराठीला ठाऊक आहे तो पाठवणीचा. जात्यावरच्या ओव्यांपासून चित्रपटापर्यंत 'जाणे' म्हणजे लेकीचे सासरी जाणे. विद्यार्थी मुलगा असला तरी गोदीवर त्याची पाठवणीच होते: ओटी भरण्याऐवजी हातावर दही पडते, आई डोळे पुसते, वडील पैशांच्या हिशेबात तोंड लपवतात. हा साचा स्वीकारला की त्याची दुसरी बाजूही आपोआप स्वीकारली जाते. घर माहेर ठरते आणि परदेश सासर. सासरहून माहेरी निघालेल्या मुलीच्या निरोपाची ओवी सहसा कोणी गात नाही; तिचे निघणे हा आनंदाचाच भाग मानलेला असतो, आणि तेथे मागे कोण राहिले, त्याला काय वाटले, याची विचारपूस होत नाही. परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या लेखनात बर्लिन किंवा बोस्टन शेवटच्या पानावर एकाएकी पुसट का होते, याचे उत्तर या साच्यात आहे. तेथे जिव्हाळा नव्हता असे नाही; त्या जिव्हाळ्याला उभे राहण्यास जागा नव्हती.

या साच्याचा कस लागतो तो डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात. कल्याणच्या या मुलीने एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोट घेतली, जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवीधर झाली. ऑक्टोबरमध्ये ती पतीसह परत निघाली, नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोहोचली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. वय अवघे एकवीस. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील तिची नेमणूक कागदावरच राहिली. या तपशिलांचे कथन मराठीत पुन्हापुन्हा झाले आहे. काशीबाई कानिटकरांनी एकोणिसाव्या शतकातच चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये आली, आणि अंजली कीर्तने यांचे साधार चरित्र १९९७ मध्ये. कादंबरीने आनंदीबाईंना घराघरांत नेले हे खरे, परंतु तिचे नावच तिची मर्यादा सांगते. तिचा विषय दांपत्य हा आहे. दांपत्याच्या चौकटीतून पाहिले की कलकत्त्याचा धक्का हा वियोगाचा प्रसंग ठरतो. अमेरिकेचा किनारा सुटणे हा तसा प्रसंग ठरू शकत नाही, कारण त्या वेळी गोपाळराव शेजारी उभे असतात.

किनाऱ्यावर मात्र कोणीतरी मागे राहत होते. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी मिशनच्या एका नियतकालिकात गोपाळरावांसंबंधीचा मजकूर वाचून १८८० मध्ये पत्रव्यवहार सुरू केला होता. प्रत्यक्ष भेटीपूर्वी तीन वर्षे हे नाते कागदावरच वाढले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. सुट्टी लागली की त्या कार्पेंटरांच्या घरी जात. म्हणजे माहेरपणासाठी जाण्याचे जे ठिकाण असते ते त्यांना अमेरिकेत लाभले होते. येथे साचा उलटतो. ऑक्टोबर १८८६ मध्ये क्षयाने खंगलेली ही मुलगी माहेरी निघाली की माहेराहून निघाली, हे सांगणे कठीण आहे. मावशींशी तिचा व्यवहार इंग्रजीत होता, आणि इंग्रजीत 'येते' म्हणण्याची सोय नाही. तेथे ईश्वरावर भार टाकून निरोप घेतात, परतण्याचे आश्वासन वेगळे वाक्य करून द्यावे लागते.

त्यानंतर जे घडले त्याचा अन्वयार्थ मराठी समीक्षेने अद्याप पुरता लावलेला नाही. आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर यांच्याकडे पाठवली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिच्यावर शिळा उभारली गेली. 'येते' या विधानाची इतकी अक्षरशः आणि इतकी विदारक पूर्तता मराठी चरित्रवाङ्मयात दुसरी सापडणे अवघड आहे. त्या शिळेवरील मजकूर शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी तिची ओळख देतो. शिळेवर नोंद आहे ती सोडण्याची. परतण्याचा उल्लेख नाही. ज्या घराने तिला येताना पाहिले त्याने तिचे निघणे कोरून ठेवावे, आणि ज्या समाजाने तिला जाताना पाहिले त्याच्या साहित्याने तिचे तेथून निघणे विसरावे, हा विरोधाभास बोलका आहे. जातिवाचक अभिमानाचा जो सूर त्या शिळेत आहे त्याची चिकित्सा स्वतंत्रपणे करावी लागेल.

आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी. चेल्टनहॅमचा अभ्यास बाजूला ठेवून त्या १८८६ च्या आरंभी अमेरिकेस गेल्या, तेथेच अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या, आणि तेथून थेट हिंदुस्थानात परतल्या. जाऊन येणे म्हणून निघालेले पाऊल कायमचे निघणे ठरले. १८८९ च्या त्यांच्या ग्रंथाच्या नावात 'लोकस्थिती' आधी आणि 'प्रवासवृत्त' नंतर येते, व हा क्रम प्रामाणिक आहे; निरोपाला त्या ग्रंथात अवकाश असण्याचे कारणच नव्हते. 'अपूर्वाई'बद्दल (१९६०) फार थांबावे असे नाही. पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी गेले होते, परंतु पुस्तकात शिक्षण हे निमित्त आहे आणि प्रवास हा विषय. प्रवासी पाहून परततो; निरोप देण्याइतका काळ त्याला कोणी आपला मानलेले नसते. इरावती कर्वे यांचे उदाहरण अधिक गंभीर आहे. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, कवटीच्या विषमतेवर संशोधन केले आणि ऑयगेन फिशर या आपल्या मार्गदर्शकाच्या वंशविषयक गृहीतकाला आपल्या मोजमापांतून दुजोरा मिळत नाही, असा निष्कर्ष मांडून परतल्या. १९३३ नंतर ते बर्लिन उरले नाही. 'येतो' हे विधान माणूस न परतल्यानेच खोटे ठरते असे नव्हे. ठिकाण नाहीसे झाल्यानेही ते खोटे ठरते.

पाठवणीच्या साच्यावरचा निर्णायक आघात आणखी एका परतीत आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये तेथून लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून निघावे लागले. निघताना लंडन विद्यापीठाकडून त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली होती. १९२० मध्ये ते खरोखरच परतले, डी. एससी. आणि बॅरिस्टरी पदरात पाडून १९२३ मध्ये मायदेशी आले. या परंपरेत ज्यांचे 'येतो' लेखी होते आणि जे दिलेल्या मुदतीत पाळले गेले, असे हे उदाहरण. परंतु १९१७ च्या परतीत त्यांची वाट कोण पाहत होते? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणांत त्यांनी बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर पडलेला प्रश्न नोंदवला आहे: जायचे कोठे? परदेशातील वर्षांनी अस्पृश्यतेची जाणीव मनातून पुसून टाकली होती, ती स्थानकावरच परत आली. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवस, काठ्या घेऊन आलेला जमाव आणि त्यानंतर बागेत काढावा लागलेला वेळ, हा सारा मजकूर कोणतीही भावनिक सजावट न करता येतो. ही टिपणे समीक्षेत अत्याचाराची साक्ष म्हणून वाचली जातात, आणि ते योग्यच आहे. त्यांचे आणखी एक वाचन संभवते. पाठवणीच्या साच्याला माहेर गृहीत असते. ज्याच्या वाट्याला गावाबाहेरची जागाच आली त्याच्यासाठी परतण्याचे ठिकाण साच्यात नाही. आणि मग परदेश हे सासरही राहत नाही. न्यूयॉर्क आणि लंडन सोडण्यात काय सुटत होते हे बडोद्याला पोहोचल्यावर कळते. निरोपाचा प्रसंग येथे परतीच्या प्रसंगात दडलेला आहे.

येथे 'परदेश' या शब्दाकडे पुन्हा पाहणे आवश्यक होते. महाराष्ट्रात 'परदेशी' हे उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसांना पडलेले आणि पुढे आडनाव झालेले नाव आहे. म्हणजे परदेशाची सीमा समुद्राने ठरत नसे. जेथे आपली बोली चालत नाही, जेथे आपले कोणी नाही, तो परदेश. हा जुना अर्थ स्वीकारला तर परदेशी शिक्षणाच्या चर्चेतून जव्हार-मोखाड्याचा प्रदेश वगळता येणार नाही. लेंडी नदीवरच्या धबधब्यामुळे पर्यटकांच्या नकाशावर आलेल्या दाभोशाच्या परिसरात वारली, कोकणा, कातकरी, ठाकर या समाजांची मुले घर सोडून आश्रमशाळेत शिकायला जातात. घरी वारली किंवा कोकणा बोली, शाळेत पुस्तकी मराठी. अंतर थोडे, देश दुसरा.

या शिक्षणाला सत्रे आहेत, आणि शेतीलाही. पहिले सत्र दिवाळीला संपते. भाताची, नागलीची कापणी उरकली की डोंगरातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर भिवंडी-वसईकडे उतरतात व पावसाच्या तोंडावर परततात. सुट्टी संपून मूल शाळेकडे निघते त्या सुमारास आईबापही निघालेले असतात. पाठवणीसाठी दारात कोणीतरी उभे असावे लागते. येथे दाराला कडी लागलेली असते. दोन्ही बाजू निघणाऱ्या असल्या तर निरोप कोण देणार आणि घेणार कोण? उन्हाळ्यात दुसरे सत्र संपून मूल परतते तेव्हा घर उघडले असेलच याचीही खात्री नसते. मराठीच्या निरोपाच्या व्याकरणाला ही स्थिती पेलत नाही, आणि तिला पेलणारे लेखन अजून फारसे झालेले नाही.

या भागाविषयी जे श्रेष्ठ लेखन झाले ते बाहेरून आलेल्यांचे. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) ही वारल्यांच्या लढ्याची कथा आहे. शाळेचा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. अनुताई वाघ यांच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' (१९८०) या आत्मकथनात तो केंद्रस्थानी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले काम १९५७ मध्ये कोसबाडला नेले, आणि तेथील त्यांची 'कुरणशाळा' ही कल्पना या संदर्भात विलक्षण आहे. मूल गुरांमागे जाते म्हणून शाळेत येत नाही. तर शाळेने कुरणात जावे. ताराबाई-अनुताईंनी हा निर्णय शिक्षणशास्त्रीय भूमिकेतून घेतला, पण त्याचा परिणाम असा की मुलाला कोणाचाच निरोप घ्यावा लागत नाही. बाहेरून येऊन अनुताई तेथेच राहिल्या, १९९२ मध्ये वारल्या; निरोपाचा प्रसंग मुलांवर न लादता त्यांनी तो आपल्याकडे घेतला, असेही म्हणता येईल. त्यांच्या आत्मकथनाकडे शिक्षणविषयक दस्तऐवज म्हणूनच पाहण्याची जी सवय मराठी समीक्षेला जडली आहे, ती सोडणे इष्ट.

कुरणशाळेची अडचण एवढीच की कार्तिकानंतर कुरणात मूलच नसते. १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर 'भोंगाशाळा' सुरू झाल्या त्या या अडचणीतून. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी. येथे शाळा स्थलांतरामागून गेली. तिचे सत्र भट्टी पेटण्याबरोबर सुरू होते आणि पावसाची चाहूल लागली की संपते. निरनिराळ्या पाड्यांवरून आलेली, हंगामभर एका पाटीवर शिकलेली मुले पांगतात. भोंगे मोडले जातात, शाळा ज्या जागी होती तेथे मागे राहणारे कोणी नसते. पुढच्या हंगामात त्यांतली कोणती दोन मुले पुन्हा एकाच भट्टीवर असतील, हे बापाने पावसाळ्यात कोणत्या मालकाची उचल घेतली यावर ठरते.