संतकवि दासगणू आणि आजचें पारायण

नांदेड-लातूरकडील अनेक घरांत देवघराशेजारीं ‘श्रीगजानन विजय’ हा ग्रंथ ठेवलेला दिसतो. त्याचे २१ अध्याय एका बैठकींत संपविणारीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. या वेगाविषयीं ग्रंथकाराला काय वाटलें असतें, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो.

ग्रंथकर्ते दासगणू, म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, यांचा जन्म १८६८ सालचा. प्रथम ते पोलीस शिपाई होते व लावण्यांचे शोकी होते. शिर्डीच्या साईबाबांच्या सहवासानें आयुष्य पालटलें. नोकरी सुटली, कीर्तन हातीं आलें, आणि नांदेड ही कर्मभूमि झाली. १९६२ सालीं पंढरपुरास त्यांचा देह पडला. समाधि उमरीजवळ गोरटें येथें आहे.

गजानन महाराजांनीं १९१० सालीं समाधि घेतली. ग्रंथ झाला १९३९ सालीं. चरित्र म्हणून त्याची कसोटी लावल्यास दोष दिसतात. चमत्कारामागून चमत्कार येतो, त्यामुळें महापुरुषाचा स्वभाव हळूहळू उलगडत नाहीं. कवि मध्येंच थांबून उपदेश करूं लागतो. पण ही ओवी कानासाठीं रचिलेली आहे. निरक्षर श्रोत्यालाही ती पहिल्याच ऐकण्यांत कळते. लावणीवर तयार झालेला कान येथें कामीं आला, असें आम्हांस वाटतें.

दासगणूंचें खरें मोठेपण दुसऱ्या एका प्रसंगांत दिसतें. तो हेमाडपंतांनीं ‘साईसच्चरितां’त नोंदविला आहे. ईशावास्य उपनिषदावर ओवीबद्ध टीका लिहितांना दासगणू एका ठिकाणीं अडले. उलगडा काकासाहेब दीक्षितांच्या पार्ल्याच्या घरीं मोलकरीण करील, असें बाबांनीं सांगितलें. तेथें फाटकें नेसलेली एक मुलगी भांडीं घांसतांना दुसरीच्या भरजरी साडीचें गाणें गात होती. तिला नवें लुगडें देवविलें. एक दिवस तें आनंदानें नेसून, दुसऱ्या दिवशीं तिनें पुन्हा जुनेंच गुंडाळलें. गाणें व आनंद मात्र तसाच! त्यागानें भोगणें म्हणजे काय, हें पंडिताला तेथें समजलें.

वरदानंद भारतींसारखा, म्हणजे पूर्वाश्रमींच्या अनंतराव आठवल्यांसारखा, व्यासंगी संन्यासी दासगणूंच्या परंपरेंत घडला, याचें मूळ आम्हांस या शिकण्याच्या वृत्तींत दिसतें. पारायण सोडावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु एखादे दिवशीं एकच अध्याय वाचून पोथी मिटावी, आणि आपल्या घरीं भांडीं घांसणारी बाई काय गाते आहे, इकडे कान द्यावा. दासगणूंनीं तसाच दिला होता.