नायकाची टाच

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी खेळत नाही. तरीही त्या खेळातला एक गडी मराठी वाचकाच्या घरात केव्हाच येऊन बसला आहे आणि त्याला हाताला धरून आणले ते पु. ल. देशपांडे यांनी. अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही लहानशी कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली, पु. लं.नी ती १९६५ साली ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. नाव वाचताच शाळेच्या पुस्तकातला, पडूनपडून पुन्हा वर चढणारा कोळी आठवतो. मासे धरणारा कोळी आणि जाळे विणणारा कोळी यांची अशी एका शब्दात गाठ पडणे, हे भाग्य मूळ इंग्रजी नावाच्या वाट्याला आलेले नाही. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. मी या पुस्तकात शिरलो तो मराठी दारानेच, आणि आत गेल्यावर ज्याने मला धरून ठेवले त्याचे नाव जो डिमॅजिओ.

कथा वाचकांना ठाऊक असेल. क्यूबातला म्हातारा सांतियागो चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळता काढतो. पंचाऐंशीव्या दिवशी तो खोल समुद्रात जातो आणि त्याच्या गळाला होडीपेक्षाही लांब मासा लागतो. मग दोन रात्री हातात दोर, पाठीवर त्याचा ताण, एका हातात गोळे आलेले, आणि बोलायला माणूस नाही. अशा वेळी म्हाताऱ्याला आठवतो तो न्यूयॉर्कच्या यँकी संघाचा डिमॅजिओ. आता हा डिमॅजिओ काही लहानसहान असामी नव्हे. १९४१ साली त्याने लागोपाठ छप्पन्न सामन्यांत एकदाही रिकाम्या हाताने न परतण्याचा विक्रम केला होता. दुसरा कुणी लेखक असता तर त्याने म्हाताऱ्याला हा विक्रम आठवायला लावला असता. हेमिंग्वेचा म्हातारा आठवतो ती डिमॅजिओची टाच. टाचेत हाड वाढलेले, पाय टेकला की कळ, आणि तसल्या टाचेने तो खेळतो! हे दुखणे नेमके कसले असते, ते म्हाताऱ्याला ठाऊक नाही. झुंजीच्या कोंबड्याच्या पायातल्या काट्याशी त्याची तुलना करून तो आपली समजूत घालतो. आणि मग मनाशी विचारतो, की मी या माशाला जितका वेळ धरून आहे, तितका वेळ डिमॅजिओने धरला असता काय?

टाचेची ही गोष्ट खरी आहे. शस्त्रक्रिया होऊनही १९४९ च्या हंगामातले पहिले पासष्ट सामने डिमॅजिओला बाहेर बसून काढावे लागले. जूनअखेर तो बोस्टनला उतरला आणि तीन सामन्यांत त्याने चार ‘होम रन’ मारले. होम रन म्हणजे आपल्या षटकाराचा थोरला भाऊ. त्याचा बाप कोळी होता, हेही खरे. म्हाताऱ्याला त्याच्याविषयी जवळीक वाटते ती त्यामुळेच. गंमत अशी, की बापाच्या होडीत जायला हा पोरगा नाखूश असे. मासळीचा वास त्याला सोसत नसे. म्हणजे म्हाताऱ्याने ज्याला मनाने होडीत घेतले, तो खरोखरीचा डिमॅजिओ त्या होडीत पाय ठेवता ना! पण त्याने म्हाताऱ्याचे काही बिघडत नाही. त्याला हवी होती एक दुखरी टाच, आणि तेवढी खरी होती.

नायकाचे समाजाला दोन उपयोग असतात असे मला वाटते. एक आरतीचा नायक. त्याची तसबीर भिंतीवर लागते, त्याला हार पडतो, त्याच्या विजयाने आपली छाती फुगते. दुसरा मापाचा नायक. घरातल्या पायलीसारखा तो कोपऱ्यात असतो; आपण आपले श्रम, आपले दुःख त्याने मोजून पाहतो. आरतीचा नायक सणावारी लागतो, मापाचा रोज. सांतियागोचा डिमॅजिओ हा मापाचा नायक आहे, आणि विजय हे कधीच माप होऊ शकत नाही. विजय माझ्याकडे नसतोच; मोजू कशाने? दुखणे मात्र माझ्याकडेही असते.

हेमिंग्वेचे पुस्तक निघाले त्याच १९५२ साली, २३ जुलै रोजी, हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा. त्याच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावानेही वर्गणी काढली. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे ते पोलिसात फौजदार झाले, १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर.

खाशाबांवरचे आपले लेखन वाचा. मुलांसाठीची चरित्रे मी वर्गात नेमाने वाचून दाखवतो, म्हणून सांगतो. त्यांत गरिबी असते, घर गहाण पडते, मिरवणूक निघते आणि शेवटी उपेक्षा येते. यातले खोटे काहीच नाही. पण हे सगळे खाशाबांच्या भोवतालचे आहे. खाशाबांच्या आतले काय? १९४८ साली लंडनला हा मातीतला मल्ल प्रथमच गादीवर उतरला आणि सहावा आला. मातीतली कुस्ती चीतपट झाली म्हणजे संपते. गादीवर मिनिटांचा आणि पंचांच्या निकालाचा हिशेब असतो. अंगात मुरलेली विद्या बाजूला ठेवून नवी शिकायची, तीही सहाव्या क्रमांकाची चव तोंडात असताना! ती चार वर्षे ही खाशाबांची टाच आहे, आणि आपली चरित्रे ती चार ओळींत उरकतात. उपेक्षेची कहाणी वाचून वाचकाला राग येतो किंवा कीव येते. राग आणि कीव घेऊन उद्याचे ओझे उचलता येत नाही.

पळवणकर बाळूंचे उदाहरण घ्या. पुण्याच्या इंग्रज क्लबात मैदानाची राखण करणारा हा चांभार समाजातला तरुण १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण इथे, पुण्यात, चहाच्या सुटीत त्याला बाहेर मातीच्या पेल्यात चहा मिळे. त्याच्या हातातला चेंडू सोबत्यांना चालत होता, हातातला पेला चालत नव्हता. यात अन्याय तर आहेच, आणि तो सांगितलाच पाहिजे. पण लेखक म्हणून मला त्यापुढचा क्षण हवा आहे. तो पेला ठेवून बाळू पुन्हा मैदानावर येतो, चेंडू हातात घेतो आणि टप्पा चुकू देत नाही. तो क्षण लिहायचा राहिला आहे.

पुस्तकांनी टाच वगळली तरी लोकांनी ती सोडलेली नाही. आपली बोली पाहा. आपण शड्डू ठोकतो, कामाला खो देतो, भाऊबंदांना धोबीपछाड घालतो, परीक्षेत क्लीन बोल्ड होतो. आजीबाईसुद्धा शेजारच्या म्हाताऱ्याची ‘विकेट गेली’ म्हणतात. पण शब्दांपेक्षा खोल गेलेले उदाहरण मी फुलसावंगीत ऐकले. सचिन तेंडुलकरचे वडील, कवी रमेश तेंडुलकर, १९ मे १९९९ रोजी वारले. विश्वचषक चालू होता. सचिन घरी आला, परत गेला आणि २३ मेला ब्रिस्टॉलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या. पुढे कितीतरी वर्षांनी आमच्या शाळेतल्या एका मुलाचा बाप ऐन परीक्षेत गेला. पोरगा पेपरला बसेना. तेव्हा त्याचा काका फाटकाशी एवढेच म्हणाला, “सचिन बी त गेल्ता ना खेळाले!” शंभर शतकांपैकी एकही त्या काकाने काढले नाही. त्याने नेमकी टाच उचलली. सांतियागो आणि तो काका एकाच शाळेतले.

मग हा काका आमच्या कादंबरीत का नाही? ग्रामीण कथेत तालीम आहे, जत्रेतला फड आहे, फेटा आणि वैर आहे. शहरी कथेत क्रिकेट आहे ते बहुधा गमतीपुरते. पण एकट्याने राबणारा माणूस, त्याच्या हातातले काम आणि त्याच्या मनात उभा असलेला खेळाडू, हे तिघे एका पानावर आलेले माझ्या वाचनात नाही. ही उणीव मी माझ्या कादंबऱ्यांसकट साऱ्यांच्या नावे मांडतो.

ही निव्वळ साहित्यातली तक्रार असती तर सणाच्या दिवशी मी ती काढली नसती. आमचे गाव महागाव तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ, पीक कापसाचे. या जिल्ह्याचे नाव वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत कशासाठी येते ते वाचकांना सांगायला नको. त्याचे उपाय भावात, पाण्यात आणि कर्जात शोधले पाहिजेत. गोष्टीने कुणाचे कर्ज फिटत नाही. पण बोंडअळीने खाल्लेल्या शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला आपण रोज जिंकणाऱ्यांच्याच कथा ऐकवत असू, तर त्या त्याला आणखी एकटे करतात. सांतियागोच्या हाती शेवटी माशाचा सांगाडाच लागतो. शार्कांनी मांस खाल्ले. तरी तो किनाऱ्यावर येतो, झोपतो, आणि तो पोरगा मानोलिन पुन्हा एकत्र मासेमारीला जायची बोलणी करतो. विजयाशिवाय माणूस पुरा पडतो, हे सांगणारी अशी कथा आमच्या मातीतल्या नावांनी लिहिली गेली पाहिजे.

नावे काही कमी नाहीत. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक घेतले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळाले, तेही रेल्वेतल्या एका तिकीट तपासनिसाच्या हातून. यंदा फराळाच्या ताटाशी मुले त्याची गोष्ट मागतील. पदक सांगाच. पण गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने, तीन तऱ्हांनी बंदूक धरून श्वास आवरत काढलेल्या वर्षांबद्दलही दोन शब्द सांगा. पदक त्याचे एकट्याचे आहे. तो आवरलेला श्वास मात्र पोरांना उद्या गणिताच्या वहीशी बसतानाही उपयोगी पडेल.