नोटीस लागली, पण पोचली का?

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने विचारलं, “पालिकेची पारदर्शकता मोजायची असेल तर सुरुवात कुठून करू?” मीही एकदा हेच करायला निघालो होतो, आणि चुकलो होतो. ती चूक आज सांगतो.

माहितीचा अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये कार्यालयांनी आपणहून जाहीर करायच्या बाबींची यादी आहे. एकूण १७. मी सरळ एक्सेलमध्ये तक्ता केला: माहिती आहे तर १, नाही तर ०. बेरीज म्हणजे पारदर्शकता! सर तक्ता बघून एवढंच म्हणाले, “हे काय मोजतंय?” प्रयोगशाळेत उपकरण काय मोजतं हे तपासल्याशिवाय मी रीडिंग घेतलं नसतं. इथे मात्र घेतलं होतं.

अडचण कुठे आहे ते आपल्याच भागातल्या उदाहरणावरून पाहू. जळगाव आणि धुळे, दोन्ही शहरांत २००३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. जळगावची घरकुल योजना त्याआधीची, नव्वदच्या दशकातली. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्तांनी फिर्याद दिली. सुमारे २९ कोटींच्या गैरव्यवहाराचा हा खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्री, माजी नगरसेवक यांच्यासह ४८ जण दोषी ठरले. पुढे प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेलं.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. फिर्याद ते निकाल, १३ वर्षं. असा खटला उभा राहतो तो पालिकेच्या कागदांवर: ठराव, करार, बिलं. म्हणजे कागद असतात. पण कोर्टाला वर्षांनंतर सापडणारा कागद वेगळा आणि घराची वाट बघणाऱ्या माणसाला निर्णयाआधी मिळणारा कागद वेगळा. पहिल्याने शिक्षा होऊ शकते. दुसऱ्याने कदाचित निर्णयच बदलू शकतो. माझ्या तक्त्यात दोन्हींना सारखाच १ मिळाला असता.

इथे एक सावधगिरी. “तेव्हा माहितीचा अधिकार असता तर घोटाळा झालाच नसता” असं वाक्य प्रबंधात लिहू नका. ते सिद्ध करायला आपल्याकडे तुलना नाही. एका केसवरून प्रश्न काढता येतो, कारण नाही.

मग मोजायचं काय? कायद्यातच धागे आहेत. कलम ४ फक्त यादीवर थांबत नाही. लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना सगळी संबंधित तथ्यं प्रसिद्ध करा, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना कारणं द्या, आणि प्रसार करताना स्थानिक भाषा, खर्च व त्या भागातलं सर्वांत परिणामकारक माध्यम लक्षात घ्या, असंही ते म्हणतं. सभा लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हे तर त्या १७ बाबींतच आहे.

यावरून मी तक्ता बदलला. आता चार रकाने आहेत. विषयपत्रिका महासभेच्या किती दिवस आधी दिसली? ठरावात कारण लिहिलंय की नुसतं ‘मंजूर’? मजकूर शोधता येतो की वाकडी स्कॅन केलेली पानं आहेत? आणि ज्याच्या घरावरून रस्ता जाणार, त्याला तो वाचून कळेल का?

नवा तक्ता भरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. एका कार्यालयात तर फलकाच्या काचेला कुलूप होतं आणि आतल्या नोटिशीची हरकतीची मुदत कधीच संपलेली. जुन्या तक्त्यात त्याला १ मिळाला असता.

या पद्धतीतही दोष आहे. नोटीस ‘कळेल का’ हे मी ठरवतोय, आणि मी एमएस्सी झालेलो माणूस आहे. म्हणून पुढची फेरी वॉर्डातल्या लोकांना नोटीस वाचायला देऊन करायची आहे. तुम्ही विषय निवडत असाल तर इथून सुरू करा: एक ठराव घ्या, आणि ज्याच्यावर त्याचा परिणाम झाला त्याला तो कधी कळला, ते विचारा.